लोणारच्या कांठीं

सहलीचा विषय निघाला म्हणजे आमच्या घरांत जितकीं माणसें तितकीं मतें होतात. आईला तीर्थास जावयाचें असतें, धाकट्या बंधूंना रान आणि पाखरें पाहावयाचीं असतात, मुलांना पाण्याशीं खेळावयाचें असतें. आणि वहिनींचें म्हणणें इतकेंच कीं, कोठेंही न्या, पण तेथें गेल्यावर चूल माझ्या गळ्यांत बांधूं नका. दोन वर्षांपूर्वींच्या कार्तिकांत मात्र आईनेंच निकाल दिला. वडील पूर्वीं नोकरीच्या निमित्तानें चार वर्षें बुलढाण्यास होते. लोणार त्याच जिल्ह्यांत. परंतु ‘पुढच्या सुटींत जाऊं’ असें म्हणतां म्हणतां बदली झाली आणि जाणें राहून गेलें. कमळजादेवीची ओटी भरूं आणि सरोवरांत दिवे सोडूं, असें आईनें तेव्हां बोलून ठेविलें होतें. वडील गेल्यानंतर तें बोलणें तिच्या मनाला फार लागून राहिलें. तेव्हां कोणीं वाद घातला नाहीं. सर्वांनीं मुकाट्यानें सामान बांधलें.

पुण्याहून पहाटे मोटारीनें निघालों. छत्रपती संभाजीनगर व जालना मागें टाकून तिसऱ्या प्रहरीं सिंदखेडराजास पोंचलों. लखुजी जाधवांचा वाडा येथेंच. याच वाड्यांत १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाबाईंचा जन्म झाला. आईनें उंबरठ्यास हात लावून तो कपाळीं नेला आणि मुलांकडूनही तसेंच करविलें. तेथून पुढें काळ्या जमिनी, कपाशीचीं व तुरीचीं शेतें. सपाट माळावरून चाललेला तो रस्ता पाहून पुढें कांहीं अद्भुत असेल अशी शंकाही येत नाहीं. आम्ही लोणारास पोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही कड्यावर जाऊन उभे राहिलों, आणि मुलांची बडबड एकाएकीं थांबली. पायाखालची जमीनच संपली होती. सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचा एक प्रचंड वाटोळा द्रोण, त्याच्या उतारावर दाट झाडी, आणि तळाशीं हिरवें, निश्चल पाणी. कड्यापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारें साडेचारशें फूट. उंचावर असूनही आपण एखाद्या मोठ्या घराच्या माडीवरून चौकांत वांकून पाहत आहों, असा कांहींसा भास झाला.

हें विवर कसें झालें याविषयीं पुराणाचें म्हणणें असें कीं, लवणासुर नांवाचा दैत्य येथें भुयारांत दडून बसे. विष्णूनें भुयाराचें झांकण पायाच्या अंगठ्यानें उडवून त्याचा वध केला. त्याच्या रक्ताचें पाणी झालें आणि मांसाचें मीठ. गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ याच कथेचें. कोरीव भिंतींच्या त्या जुन्या देवळांत दैत्याच्या अंगावर उभा असलेला विष्णु आम्हीं पाहिला. छतावरील शिल्प पाहतां पाहतां मान अवघडली, तरी पाय निघेना.

धाकटे बंधु महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितात. त्यांनीं मुलांना दुसरी कथा सांगितली. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या जागेची नोंद केली. पुढें पुष्कळ काळ हें निवालेल्या ज्वालामुखीचें तोंड असावें असें पंडितांस वाटत होतें. १८९६ मध्यें गिल्बर्ट या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञानें ॲरिझोनांतील विवराशीं याचें साम्य दाखविलें. परंतु निर्णायक पुरावा १९७३ सालीं भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मिळून प्रसिद्ध केला. विवराच्या तळांतील खडकांत त्यांना मॅस्केलिनाइट नांवाचा कांचेसारखा पदार्थ सांपडला. तो ज्वालामुखींत होत नाहीं. विलक्षण वेगाच्या आघाताखालीं खडक दडपला गेला तरच होतो. म्हणजे आकाशांतून अशनि आदळून हें विवर पडलें. त्याच्या वयाविषयीं मात्र एकमत नाहीं. एका पद्धतीनें तें सुमारें बावन्न हजार वर्षें निघतें, तर दुसऱ्या, अलीकडील पद्धतीनें पांच लाख सत्तर हजार. काळ्या बसाल्ट खडकांत पडलेलीं व इतकीं सुस्थितींत राहिलेलीं विवरें पृथ्वीवर फारच थोडीं. चंद्र व मंगळ यांवरही असाच खडक असल्यामुळें तेथील विवरांचा अभ्यास करणारे लोणारकडे वळतात.

“म्हणजे वरून कांहीं आलें आणि जमीन फुटली, हें दोघांनाही मान्य आहे,” आई म्हणाली. बंधु हंसले. येथवर सारें गोड चाललें होतें.

उतरणीची वाट दगडधोंड्यांची. आईला धरून, थांबत थांबत आम्ही उतरलों. साग, बाभळी, सीताफळीचीं झुडुपें. मधूनच मोराची केका, आणि फांद्यांवर वानरांचीं कुटुंबें. झाडींत जागोजाग पडकीं शिवालयें उभीं आहेत. खालीं पोंचतांच गंधकासारखा उग्र दर्प आला. कांठच्या चिखलावर पांढरी खारट पापडी धरलेली. उथळ पाण्यांत लांब तांबड्या पायांचे शेकाटे चालत होते, आणि दूरवर चक्रवाकांची एक जोडी दिसली. पाण्यांत मासा मात्र आमच्या दृष्टीस एकही पडला नाहीं.

कमळजेचें देऊळ पाण्याच्या अगदीं लगत आहे. नवरात्रांत येथें मोठी यात्रा भरते. जवळच ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. एकाच विहिरीचें अर्धें पाणी गोड व अर्धें खारट, अशी तिची ख्याति. पण सरोवराचें पाणी ओसरलें तरच ती उघडी पडते. आम्ही गेलों तेव्हां ती पाण्याखालीं होती. “गोड बाजू कोणाची?” असें पुतण्यानें विचारतांच वहिनी म्हणाल्या, “तें विहिरीनें सांगितलें नाहीं म्हणूनच ती इतकीं वर्षें टिकली.” आई मनापासून हंसली.

वहिनींनीं देवीची ओटी भरली. नंतर आईनें पिशवींतून कणकेचे अकरा दिवे, तेलाची बाटली आणि घरच्या बागेंतील फुलांची परडी काढली, आणि ती पाण्याकडे निघाली. तेव्हां बंधु आडवे झाले. “आई, येथें पाण्यांत कांहींएक सोडावयाचें नाहीं. लोकांच्या असल्या भक्तीनेंच हीं पाणीं नासतात.”

शब्द खरे होते. पण ते ज्या स्वरांत उच्चारले गेले तो स्वर खरा नव्हता. आई कांहीं बोलली नाहीं. परडी मांडीवर घेऊन ती देवळाच्या पायरीवर बसली व पाण्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले आहेत हें आम्हां सर्वांस दिसत होतें. दादा खांकरले, मुलें गप्प झालीं. पंचवीस वर्षांचा एक संकल्प दोन पावलांवर येऊन अडला होता. आणि अडविणारा मुलगा अन्याय करीत होता असेंही म्हणतां येईना.

शेवटीं बंधूच खालीं बसले व हळू आवाजांत म्हणाले, “वहिनी, ओटींतली चिमूटभर हळद द्या.” कागदाच्या कपट्यावर त्यांनीं ती ओली करून चोळली आणि सरोवराच्या पाण्याचे दोन थेंब त्यावर सोडले. पिवळा कागद पाहतां पाहतां तांबडा झाला.

“अग बाई, हळदीचें कुंकू झालें!” आई उद्गारली.

“तेंच झालें,” बंधु म्हणाले. “कुंकू करतांना हळदीस चुना देतात तो यासाठींच. चुना अल्कधर्मी, आणि हें पाणीही तसेंच. यांत सोडा आहे. या द्रोणांत झऱ्यांचें व पावसाचें पाणी येतें, पण बाहेर जाण्यास वाट नाहीं. पाणी उन्हानें उडून जातें आणि क्षार मागें राहतात. हजारों वर्षें हेंच चाललें आहे. आपल्याला हें पाणी निरुपयोगी वाटतें. पण याच पाण्यांत जगणाऱ्या सूक्ष्म वनस्पति येथें आहेत, त्यांनींच हा हिरवा रंग आला आहे. गोड पाणी, सांडपाणी, कुजणारीं फुलें, कणीक यांची भर पडत गेली कीं हा क्षार पातळ होतो, घाण वाढते, आणि येथलें मूळचें कुटुंब उठून जातें.”

त्यांनीं मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. जून २०२० मध्यें हें सरोवर एकाएकीं गुलाबी झालें. पाऊस लांबून पाणी आटलें व क्षार वाढला, तेव्हां क्षारांत वाढणारे, गुलाबी रंग धारण करणारे सूक्ष्म जीव बळावले, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत आढळून आलें. पाऊस पडल्यावर तो रंग ओसरला.

आईनें तो तांबडा कागद हातांत घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “देवीनें आपल्या पाण्याला स्वतःच कुंकू लाविलें आहे. तें आपण कशाला पुसावें?” स्वतःच्या कपाळीं कुंकू नसलेल्या तिच्या तोंडून हे शब्द आले तेव्हां कोणासच कांहीं बोलवेना. तिनें एक दिवा देवीपुढें लावला. बाकीचे परत पिशवींत ठेविले. बंधूंनीं तिची परडी उचलून घेतली, ती वर येईपर्यंत खालीं ठेविली नाहीं.

परततांना आम्ही धारेवर गेलों. कड्याच्या अंगाला गोमुखांतून बाराही महिने गोड्या पाण्याची धार पडते. भाविक तिला तीर्थ मानतात. पुतण्यानें तेथेंही हळदीचा कागद भिजविला. तो पिवळाच राहिला. एकाच द्रोणांत दोन पाणीं, आणि दोन्हींचा मान वेगळा! ही धार शेवटीं सरोवरांतच उतरते, म्हणून येथें साबण लावणें म्हणजे तो सरोवरास पाजणेंच होय.

या जागेचें महत्त्व सरकारनें ओळखलेलें आहे. २००० सालीं येथें अभयारण्य झालें, आणि नोव्हेंबर २०२० मध्यें रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत लोणारची गणना झाली. तरीही गांवाचें सांडपाणी सरोवरांत उतरण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावा लागला. कायदा कड्यावर पहारा करील; पण आपल्या पिशवींत काय आहे तें आपणच पाहिलें पाहिजे.

जाणाऱ्यांसाठीं दोन शब्द. हिंवाळा सर्वांत बरा. उन्हाळ्यांत या द्रोणांत ऊन्ह फार कोंडतें. पाण्याची पातळी कमीजास्त होत असल्यामुळें खालची वाट मोकळी आहे कीं नाहीं याची आधीं चौकशी करावी. सकाळीं लवकर उतरावें, पिण्याचें पाणी जवळ ठेवावें, आणि वृद्ध माणसांस दोघांनीं धरावें. गांवांत मुक्कामाची सोय होते, तेव्हां वहिनींनाही कांहीं तक्रार राहत नाहीं. हातीं आणखी एक दिवस असल्यास मेहकरचा शारंगधर बालाजी जवळच आहे.

त्या संध्याकाळीं मुक्कामाच्या ओट्यावर आईनें उरलेले दहा दिवे ओळीनें लाविले. फुलें पुण्यास परत आलीं व तुळशीच्या मुळाशीं मातींत गेलीं. तो तांबडा कागद तिनें वडिलांच्या पोथींत खूण म्हणून ठेविला आहे. पुतण्या मात्र दरवर्षीं लोणारास जाण्याचा हट्ट धरतो, आणि निघण्यापूर्वीं चिमूटभर हळद मागून घेणार आहे. ती हळद तेथें तांबडी होईल तोंवर सरोवर नांदतें आहे असें समजावें.