काजळ्याचे कान

मकरपुऱ्यास बिऱ्हाड केल्याला आम्हांस आता बरीच वर्षे झाली. खंडेराव महाराजांनी 1870 साली येथे राजवाडा बांधला आणि पुढे सयाजीराव महाराजांनी तो वाढविला. पण उन्हाळा आला की राजघराण्याची पावले निलगिरीकडे वळत. तो वाडा आता हवाई दलाकडे आहे. आमच्या नशिबी मात्र निलगिरी नाही. वैशाखात आम्ही आणि आमचा ससा एकाच फरशीवर गारवा शोधीत पडलेले असतो.

हा ससा आम्ही एका जानेवारीत आठवड्याच्या बाजारातून आणला. अंग कापसासारखे पांढरे. कान, नाक, पाय आणि शेपूट तेवढी काळीभोर. मुलांनी त्याचे नाव काजळ्या ठेविले. पण चैत्र सरताना त्याचे केस गळू लागले आणि जे नवे आले ते फिके. मे महिन्यात काजळ पार उतरले. नाक तपकिरी, कान राखेच्या रंगाचे. आमची मडगावची आई म्हणाली, "ससो दुयेंत आसा." शेजाऱ्यांचे निदान निराळे होते : ससा रंगविलेला आहे, तुम्ही फसलात.

फसलो म्हटले की मनुष्याची बुद्धी आधी जाते. आम्ही तडक बाजारात गेलो आणि चारचौघांत त्या वृद्ध विक्रेत्याला नाही नाही ते बोललो. "साहेब, मी रंग लावीत नाही," एवढेच तो म्हणाला. मग त्याने कमरेचा बटवा सोडून निम्मे पैसे आमच्या हातावर मोजले. आम्ही ते घेतले. ससाही आमच्याकडेच राहिला.

दिवाळीला प्राणिशास्त्र शिकणारी आमची भाची आली. आम्ही ही हकीकत मोठ्या फुशारकीने सांगितली. ती हसली नाही. "मामा, त्या बाबांनी रंग लावला नव्हता. तो थंडीने लावला होता," ती म्हणाली.

मग तिने समजाविले ते असे. केसांत काळा रंग तयार होण्यास टायरोसिनेज नावाचे एक विकर लागते. या जातीच्या सशात ते विकर जन्मतःच नाजूक असते. शरीराच्या उबेत त्याचे काम बंद पडते, गार कातडीत ते चालते. सशाचे अंग आमच्यापेक्षाही गरम, सुमारे 39 अंशांचे. म्हणून पाठपोट पांढरे. आणि कान, नाक, पाय, शेपूट ही टोके थंड राहतात म्हणून काळी. घरट्याच्या उबेतली पिले पांढरी असतात, त्यांना काळिमा पुढे चढतो. विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी अशा सशाच्या पाठीवरचे केस काढून ती जागा थंड ठेविली, तेव्हा तेथे काळे केस उगवले! सयामी मांजराचे मुखही याच कारणाने काळे.

"पण मग एका रात्रीत रंग का बदलत नाही?" आम्ही विचारले. कारण रंग भरतो तो केस मुळाशी वाढत असताना. एकदा बाहेर आलेला केस फार तर उन्हाने विटून तांबूस होईल. पण नवा रंग हवा तर जुने केस झडावे लागतात. ऋतूचा शेरा असा पुढच्या केसांवर उमटतो. या सशांना हिमालयन म्हणतात, आणि डार्विननेही 1868 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिले आहे. म्हणजे जे जगाला दीडशे वर्षे परिचित होते, त्यासाठी आम्ही एका गरीब माणसाला लबाड ठरविले होते.

तरीही आम्ही लगेच गेलो नाही. मनात म्हटले, थंडीत पाहू. ही खात्री करून घेण्याची वृत्ती नव्हती. तो भित्रेपणा होता. मार्गशीर्षात काजळ्याची कात, म्हणजे केस, पुन्हा झडली. पौषातील गार रात्रींत कानांच्या कडा आधी गडद झाल्या, मग नाक, मग पाय. आता सबब उरली नाही.

टोपलीत ससा घेऊन आम्ही बाजारात गेलो. म्हातारबाबा त्याच जागी होते. पैसे पुढे केले आणि क्षमा मागितली. ती मागताना मागल्या वेळेइतका मोठा आवाज निघेना; तेव्हा पुन्हा एकदा, भोवतालच्या लोकांना ऐकू जाईल असे, आम्ही बोललो. त्यांनी पैसे मोजून बटव्यात ठेविले. नको म्हटले नाही, याचे आम्हांस बरेच वाटले. मग त्यांनी टोपलीत हात घालून काजळ्याचा कान बोटांत धरला.

"रंग उन्हाळ्यात जातो, थंडीत येतो. का, ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगा, उन्हाळ्यात याला पाणी मातीच्या भांड्यात ठेवता ना?"

आम्ही ठेवीत नव्हतो. परतताना एक मातीचे कुंडे विकत घेतले.