कोंब

मे सरत आला की आमच्या ओसरीवर गोणपाट भिजत पडतं. चुलती घरच्या सोयाबीनच्या पोत्यात हात घालते आणि हाताला येतील तसे शंभर दाणे मोजून घेते. चांगले-चांगले निवडायचे नाहीत, ही तिची अट. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडते, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकते, वळकटी करून दोऱ्यानं बांधते आणि सावलीला ठेवते. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका. सहा-सात दिवसांनी वळकटी उलगडायची आणि कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी तीस किलो बी धरायचं. कमी निघाले तर बी वाढवायचं. अगदीच कमी निघाले तर ते पोतं मोंढ्यावर घालायचं आणि बियाणं दुसरीकडून आणायचं.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. एकदा तासाला एका मुलानं विचारलं, ‘‘सर, माणसानं आशावादी असावं का निराशावादी?’’ मी त्याला पुस्तकातलं उत्तर दिलं. ते देताना मला आमची ओसरी आठवत होती, आणि तिचं नाव मी घेतलं नाही याची रुखरुख अजून आहे. म्हणून हे लिहितो आहे.

‘आशावाद’ या अर्थाचा शब्द युरोपात रूढ झाला तो अठराव्या शतकात. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं 1710 मध्ये मांडलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांपैकी हे जग सर्वांत चांगलं आहे. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनमध्ये भूकंप झाला. सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेले. इमारती कोसळल्या, मागोमाग समुद्र चढून आला, मग आग. हजारो माणसं मेली. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरला लायब्निझचं ते विधान सहन होईना. त्यानं आधी कविता लिहिली आणि 1759 मध्ये ‘कांदीद’ नावाची कादंबरी. ‘आशावाद’ हा शब्द तिच्या उपशीर्षकातच आहे.

लिस्बन मी पाहिलेलं नाही, पण हा प्रसंग मला परका वाटत नाही. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. आमच्याकडे मांडणीवरची भांडी खाली आली. आजीनं आम्हा पोरांना दंडाला धरून अंगणात ओढलं. उजाडल्यावर बातम्या येत गेल्या. जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरंच माणसांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढं कितीतरी रात्री आमची गल्ली अंगणात झोपली.

मोठा झाल्यावर कळलं की आदल्या वर्षीही, 1992 मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. लोक घाबरले होते आणि मग सरावले होते. ‘काही होत नसतं’ म्हणणाऱ्याला आणि ‘आता काही खरं नाही’ म्हणणाऱ्याला आपण एकमेकांच्या विरुद्ध समजतो. मला ते सख्खे भाऊ वाटतात. पुढचं आपल्याला ठाऊक आहे, असं दोघंही धरून चालतात. एकदा ठाऊक झालं की भिंत बघायची गरज उरत नाही, आणि बी तपासायचीही.

आमच्या भागाला तर पुढचं ठाऊक आहे असं म्हणायची सोयच नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. स्टेशनात उभी राहिलेली ती टाक्यांची गाडी मी डोळ्यांनी पाहिली, आणि हा मुलूख आता ओस पडणार असं मनाशी म्हणालो. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं.

आणि 2025 चा ऑगस्ट-सप्टेंबर. पाऊस थांबेचना. ओढे रानात शिरले. पिवळं पडलेलं, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं. बापू, म्हणजे माझे चुलते, गुडघाभर चिखलातून एक झाड उपटून घेऊन आले आणि ओसरीवर माझ्यापुढं धरलं. शेंगा फुगून उकलल्या होत्या आणि शेंगेतल्या शेंगेत दाण्यांना कोंब फुटले होते. पांढरे, बोटाच्या पेराएवढे, नितळ. मे महिन्यात याच ओसरीवर असे कोंब मोजून आम्ही हरखलो होतो. बापूंनी झाड खाली ठेवलं. ‘‘उगवायचं तवा उगवलं, आता बी उगवलं,’’ एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

तो कोंब माझ्या मनातून जात नाही. आशा म्हटली की आपल्याकडे लगेच अंकुराचं चित्र काढतात, शुभेच्छापत्रावर, शाळेच्या भिंतीवर. शेतकऱ्याला मात्र विचारावं लागतं की कोंब कुठला, गोणपाटातला की शेंगेतला.

म्हणून ‘सकारात्मक राहा’ असं शेतकऱ्यांपुढं भाषण करणाऱ्यांचा मला राग येतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या खालीच जात होता. खताचं, फवारणीचं, मजुरीचं बिल चुकतं करून वहीत काय उरलं ते ज्याला दिसतं, त्याच्या उदासीला स्वभावदोष कसं म्हणायचं? ती बेरीज-वजाबाकी आहे. मराठवाड्यात किती घरांत कर्ता माणूस स्वतःला संपवून गेला, हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्या घरांना विचारांची दिशा बदला म्हणणं ही क्रूरता आहे. भाव द्या, विम्याचे पैसे वेळेवर द्या, कर्जवसुलीला आलेल्या माणसाला तोंड सांभाळून बोलायला सांगा. त्यानंतर आशेबद्दल बोलू.

साहित्याकडूनही मला हाच खरेपणा हवा असतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेल्या शेतकरी पोराची कोंडी तिच्यात आहे, आणि वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून लेखकानं काही मऊ केलेलं नाही. जी. ए. कुलकर्णींची ‘काजळमाया’ मी विशीत वाचली, ती रात्र रात्र पाठ सोडत नव्हती. पण या पुस्तकांनी मला कधी हातपाय गाळून बसवलं नाही. आपल्याला जे दिसतं ते आणखी कुणाला तरी दिसलं आहे, एवढ्यानं पाठीशी माणूस उभा राहिल्यासारखं वाटतं. तुकोबांचंही तसंच. सतराव्या शतकातल्या त्या मोठ्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले, धंदा बुडाला. त्यांच्या अभंगांतला उजेड या अंधाराला वळसा घालून आलेला नाही. खोटा दिलासा देणारी पुस्तकं मात्र मला वाचून झाल्यावर जास्त एकटं करतात.

व्हॉल्टेअरच्या कादंबरीत शेवटी सगळी माणसं एका लहानशा मळ्यात येऊन कष्ट करू लागतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा शेवट मला आखूड वाटला होता. आता वाटत नाही. फक्त व्हॉल्टेअर मळ्यापाशी थांबतो आणि आमच्या बापूंची गोष्ट तिथून सुरू होते. ते चार तास, म्हणजे ओळी, सोयाबीनचे आणि दोन तास तुरीचे पेरतात. सोयाबीन गेलं तर तूर हाती लागेल, हा धोरणीपणा निराश माणसाचा म्हणा. पण रान पेरतातच, तेही चांगली ओल झाल्याशिवाय नाही. पूर्वी ते तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायचे. आता ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र असतं, तरी पहिली मूठ ते हातानंच टाकतात, डोक्यावरची टोपी काढून.

पाण्यात गेलेल्या त्या रानातून बापूंनी उंचावरच्या मुरमाड तुकड्यातलं थोडं सोयाबीन वाचवलं. बियाण्यापुरतं. ते हातानं बडवून काढलं, कारण सोयाबीनचं साल पातळ, मळणी यंत्रात कोंबच दुखावतो. पोती आपटू दिली नाहीत, एकावर एक रचू दिली नाहीत. मे महिन्यात चुलतीनं गोणपाट भिजवलं. सातव्या दिवशी वळकटी उलगडली तेव्हा मी शेजारीच होतो. तिनं एकदा मोजलं, विश्वास बसला नाही म्हणून मला मोजायला लावलं.

शंभरात त्र्याहत्तर निघाले.