हप्त्यांवरचा हायवे

गाडी घेतलीय, लोन अजून फिटायचंय आणि दिवाळीला गावी जायचंय... आपल्यापैकी निम्म्यांची हीच कहाणी! पण ज्या रस्त्यावरून गाडी पळवणार, तो रस्ताही हप्त्यांवरच घेतलेला आहे असं सांगितलं तर? एखाद्या वीकेंडला नागपूरहून यवतमाळकडे गाडी काढा, म्हणजे कळेल.

बुटीबोरीला हैदराबादचा हायवे सोडून उजवीकडे वळायचं. वर्धा, देवळी आणि मग वर्धा नदीचा पूल. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा सुरू. दोन्हीकडे कापूस, तूर, सोयाबीन, मध्येच एखादी जिनिंग, आणि मधून गेलेला चौपदरी रस्ता. कागदावर त्याचं नाव राष्ट्रीय महामार्ग ३६१. इकडे मात्र सगळे त्याला नागपूर-तुळजापूर हायवेच म्हणतात.

कळंबला थांबाच. इथला चिंतामणी गणपती जमिनीच्या खाली बसलाय. पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड. हायवेचा सगळा गोंगाट वरच राहतो.

आता थोडं गणित, कंटाळू नका. पूर्वी मोठे रस्ते बहुतेक 'बीओटी'वर व्हायचे. ठेकेदाराने पदरचे आणि बँकेचे पैसे घालायचे आणि टोलमधून वसूल करायचे. पुणे-मुंबईसारख्या भागात हे जमतं. पण जिथे गाड्याच कमी, तिथे कोण पैसे घालणार? म्हणून केंद्राने २०१६ मध्ये 'हायब्रिड अ‍ॅन्युइटी' नावाची पद्धत आणली. खर्चाचे ४० टक्के सरकार काम चालू असतानाच टप्प्याटप्प्याने देतं. उरलेले ६० टक्के ठेकेदार उभे करतो आणि सरकार ते दर सहा महिन्यांनी, १५ वर्षं, व्याजासकट फेडतं. तोवर देखभाल ठेकेदाराची, टोल सरकारचा. थोडक्यात, आपल्या फ्लॅटसारखंच... डाउन पेमेंट आणि ईएमआय! वर्धा-यवतमाळ आणि यवतमाळ-महागाव हे पट्टे असेच झाले.

दुसऱ्याच्या पैशाने वाट बांधायची, ही गोष्ट यवतमाळला नवी नाही. इथला कापूस नेण्यासाठी १९०३ मध्ये मूर्तिजापूरपर्यंत नॅरोगेज रेल्वे आली, ती एका खासगी ब्रिटिश कंपनीची. तीच आपली लाडकी 'शकुंतला'. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं रेल्वे त्या कंपनीला पैसे मोजत राहिली आणि गाडी आपली बैलाच्या चालीने चालत राहिली. आता तीही बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचा वर्धा-कळंब हा पहिला टप्पा सुरू झाला, तो २८ फेब्रुवारी २०२४ ला.

मग रस्ता हवाच ना? हवाच. यवतमाळ झपाट्याने पसरतंय. लोहारा, वाघापूर, वडगाव ही एकेकाळची वेगळी गावं आज शहरातच मोडतात. लांबचे ट्रक गावातून जाणार नसतील, तर शहराचा श्वास मोकळा होतो. पण बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या चहावाल्याचं आणि पंक्चरवाल्याचं गिऱ्हाईकही बाहेरूनच निघून जातं.

आणि वावरांचं काय? इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याखाली ती टिकत नाही म्हणून काढून मुरूम भरावा लागतो. पण कापसाला नेमकी तीच माती लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले भरपाईचे नियम २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाले, त्यामुळे पैसे येतात. पण वावराचे दोन तुकडे झाले आणि मध्ये दुभाजक आला, तर पलीकडे जायला बैलबंडी घेऊन पुढचा कट गाठावा लागतो. ही खेप रोजची, आणि तिचा चेक कुणी देत नाही.

हे आजच सांगायचं कारण म्हणजे पुढचा रस्ताही रांगेत आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १२ जिल्ह्यांतून जाणाऱ्या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला मान्यता दिली. आखणी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींची तरतूद, त्यातले १२,००० कोटी हुडकोच्या कर्जाचे. कोल्हापूरकडे शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्या १२ जिल्ह्यांत यवतमाळही होता. म्हणजे एका रस्त्याचे हप्ते चालू असतानाच दुसऱ्याचं लोन! घरात आपण असं करायचं म्हटलं, तर आई दोनदा विचारेल. इथे निदान एकदा तरी विचारायला हवं, आणि तेही ज्याचं वावर जाणार त्याला.

तोवर लाँग ड्राइव्हला जरूर जा. आर्णी, महागाव, उमरखेड करत थेट पैनगंगेपर्यंत जा. फक्त अंधार पडल्यावर स्पीड जरा कमी ठेवा. समोरून राँग साइडने एखादी बंडी आली, तर हॉर्नवर हात दाबून धरू नका. तिचा सरळ रस्ता आपल्या रस्त्याखाली गेलाय.