भाव ठेवणं

सांगलीत ‘भाव’ हा शब्द आधी बाजारात ऐकू येतो. आमचे दादा, म्हणजे वडील, मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचे सौदे सुरू झाले की संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा शर्टाच्या बाहीला, हातरुमालाला, चष्म्याच्या काडीलासुद्धा पिवळी झाक असायची. चहाबरोबर पहिला विषय म्हणजे आज काय भाव निघाला. मग दिवेलागणीला तेच पिवळट बोट पवित्र शास्त्राच्या ओळींवरून फिरायचं, आणि तिथंही तोच शब्द यायचा. आमच्या घरच्या जुन्या शास्त्रात देवावर विसंबण्याला ठिकठिकाणी ‘भाव ठेवणं’ म्हटलं आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा विचारलं, “दादा, देवावर किती भाव ठेवायचा?” दादा हसले नाहीत. म्हणाले, “तिथला भाव माल बघून ठरतो, पोरी. इथला मालक बघून ठेवायचा.”

ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. पुढं कळत गेलं, आणि अजून कळतं आहे.

विश्वास, भरवसा आणि भाव हे तीन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण माझ्या कानाला ते वेगळे लागतात. विश्वास डोक्यानंही ठेवता येतो; पटलं की झालं. भरवसा म्हटलं की त्यावर काहीतरी वजन टाकलेलं असतं, जसं नावेवर. भाव मात्र कोरडा असूच शकत नाही. त्याच्यात ओल आहे, सूर आहे. संतांच्या अभंगांतून शेकडो वर्षं घोळलेला शब्द आहे तो. ज्यांनी तो ख्रिस्ती शास्त्रात आणून ठेवला त्यांनी आमच्यावर उपकार केले असं मला मनापासून वाटतं. कारण त्यामुळं आमच्यासारख्यांना ख्रिस्तावर विसंबण्याची रीत मराठीतच सापडली. आधी ऐकायचं, मग उकलायचं, आणि मग गायचं.

आमच्याकडं दर गुरुवारी घरसभा असायची. चार-पाच घरं होती, पाळीपाळीनं एकेकाकडं. सतरंजी, मधे पेटी, भिंतीला टेकून म्हातारी माणसं. एक अध्याय घ्यायचा आणि प्रत्येकानं एकेक वचन वाचायचं. ज्या बायका मोठेपणी अक्षरं शिकल्या होत्या त्या बोट ठेवून, शब्द फोडत वाचायच्या, आणि त्यांच्यासाठी सगळे थांबायचे. त्या थांबण्यात मी जितकं शास्त्र शिकले तितकं झरझर वाचताना शिकले नाही. कुणाच्या हातात नेहमीचं भाषांतर असायचं, तर एका आजींकडं पंडिता रमाबाईंचं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल असं शास्त्र मराठीत आणण्यासाठी रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल त्यांच्या माघारी, १९२४ मध्ये बाहेर आलं. दोन भाषांतरांत शब्द वेगळा निघाला की सभा तिथंच अडायची. कधीकधी अर्धा तास. मग आई म्हणायची, “आता गाऊ या,” आणि पेटीचा भाता हलायचा.

आई मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीत आले, १८९४ मध्ये त्यांचा मिरजेचा दवाखाना उघडला, आणि पुढं दूरदूरच्या रोग्यांना मिरज माहीत झाली ती त्यामुळं. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते. पण आईच्या बोलण्यात ही थोरवी फारशी नसायची. ती सांगायची ते रात्रपाळीचं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री रोग्याला झोप येत नाही. त्याला काही समजावून उपयोग नसतो. तेव्हा ती हलक्या आवाजात एखादं गीत गुणगुणत खाटांमधून फिरायची. रोगी कुठल्या धर्माचा आहे याचा प्रश्न यायचा नाही. चाल ओळखीची असायची, भजनाची.

ती चाल ओळखीची कशी झाली, हे साताऱ्याला गेल्याशिवाय सांगता येत नाही.

नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, १८६१ चा जन्म. मराठी कवितेत नाव कमावलेला माणूस. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळक तो वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या वाटेवर यायला आणखी पाच वर्षं लागली. मला ही पाच वर्षं फार मोलाची वाटतात. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचताना दिसतं की त्या नवऱ्याच्या मागून ओढत गेल्या नाहीत. स्वतःच्या मनाशी भांडून, स्वतःच्या पायांनी गेल्या. भाव उसना मिळत नाही, अगदी नवऱ्याकडूनही.

टिळकांच्या आधी आमच्या उपासनेत परदेशी चालींची भाषांतरं बरीच होती. त्यांतली काही आजही मला प्रिय आहेत. तरी मराठी शब्द त्या चालीत बसवताना दीर्घ अक्षर आखडतं, ऱ्हस्व ताणलं जातं, आणि गाणाऱ्याचं लक्ष अर्थावरून उडतं. टिळकांनी अभंग, ओवी, भजन हे आपलंच घर उघडून ख्रिस्ताला आत बसवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. त्यांची बहुतेक गीतं अहमदनगरच्या काळातली, पण १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला येऊन राहिले आणि तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ख्रिस्ताच्या पायाशी बसावंसं वाटतं ते सगळे त्यात. पगार नाही, संस्थेचा आधार नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले, म्हणजे दरबाराला त्यांच्या हातची जेमतेम दोन वर्षं मिळाली. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अर्धवट राहिलं. सुरुवातीचे काही अध्याय त्यांचे, पुढचे बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी लिहिले.

मी साताऱ्याला जाते तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उभी राहून हमखास या माणसाचा विचार करते. पन्नाशी उलटल्यावर, तब्येत साथ देत नसताना, हातातलं सोडून कशावर विसंबले असतील ते? दरबार टिकला नाही. गाणी मात्र राहिली. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की पानापानावर टिळक भेटतात, आणि रविवारी खेड्यातल्या मंडळीत ज्या बाईला टिळक कोण हे माहीत नाही तीही त्यांचे शब्द स्वतःचे म्हणून गाते.

साताऱ्याकडून सांगलीला पाणीही येतं. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि आमच्याकडं येते. सांगलीलगत हरिपूरला तिला वारणा मिळते. त्या हरिपुरात हळदीची पेवं आहेत. अरुंद तोंडाच्या, पोटात रुंद होत जाणाऱ्या खोल खड्ड्यांत हळद भरून तोंड बंद करायचं. तिथल्या मातीचा गुण असा की हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, कारण आत श्वासापुरती हवा नसते. काही तास तोंड उघडं ठेवतात, मग पेटता कंदील सोडून बघतात. कंदील विझला नाही तर माणूस उतरतो. दादांनी मला लहानपणी हे दाखवायला नेलं होतं. परतताना म्हणाले, पाठ केलेलं वचन असंच असतं, आज भरायचं आणि नड आली की काढायचं. मी त्या उन्हाळ्यात दहा स्तोत्रं पाठ केली.

पण २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं. हळद गेली, आणि बरीचशी पेवं कायमची निकामी झाली. दादा तेव्हा होते. हरिपूरहून परत आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांना पेवाची ती उपमा आठवली असावी. साठवण कितीही खोल असो, पाणी तिथं पोहोचू शकतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये ते पुन्हा पोहोचलं. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. दादा जाऊन तीन वर्षं झाली होती. आईचं घर सखल भागात, तळमजल्यावर. तिला शेजारच्या मुलांनी बोटीत बसवलं तेव्हा तिच्या हातात औषधांची पिशवी होती. शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ कपाटात राहिलं. दादांच्या बोटांचे पिवळे डाग असलेलं ते शास्त्र नंतर सापडलं ते चिखलाचा एक गोळा होऊन. आईनं ते उघडायचा प्रयत्न केला नाही. अंगणात, जिथं दादांची खुर्ची असायची, तिथं पुरलं.

वानलेसवाडीच्या उंचवट्यावर एका शाळेत ती सहा रात्री राहिली. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. दिवे नव्हते. संध्याकाळी आमच्या घरसभेतल्या आठ-दहा बायका वर्गाच्या एका कोपऱ्यात बसल्या होत्या आणि टिळकांचं एक गीत म्हणत होत्या. पुस्तक कुणाकडंच नव्हतं. एकीला पहिलं कडवं येत होतं, दुसरीला तिसरं. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ कुणालाच आठवेना. आई दवाखान्यात फिरायची तशी फिरायला उठली नाही. बसूनच तिनं त्या जागी नुसती चाल गुणगुणली, बाकीच्यांनी तिच्यामागून गुणगुणली, आणि गीत पुढच्या ओळीला लागलं. शेजारच्या चटयांवरच्या बायका, ज्यांचा देव्हारा पाण्याखाली होता, त्याही चालीला मान हलवत होत्या.

पूर ओसरल्यावरची पहिली घरसभा मी विसरू शकत नाही. भिंतींना ओल, सतरंजी नाही, शास्त्र एकच, कुणाच्या तरी मोबाईलवरचं. मत्तयाचा चौदावा अध्याय निघाला. पेत्र पाण्यावरून चालू लागतो, वारा बघून घाबरतो, बुडू लागतो आणि हाका मारतो. बोट ठेवून वाचणाऱ्यांपैकी एक मावशी होत्या. त्या म्हणाल्या, “हे बघा, आधी हात धरला. संशय का धरलास ते नंतर विचारलं.” मी तो अध्याय किती वेळा वाचला होता. हे मला कधी दिसलं नव्हतं. पेत्राचा भाव तोकडा पडला तरी हात तोकडा पडला नाही. मालक बघून भाव ठेवायचा म्हणजे काय, ते त्या दिवशी मला उलगडलं. माझी साठवण, माझं पाठांतर, माझ्या मनाची ताकद यांवर तो भाव नव्हताच कधी.

तेवढ्यात दुसऱ्या एकीनं विचारलं, “मग ब्रह्मनाळच्या बोटीतल्या माणसांचा हात का नाही धरला?”

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला त्याच पुरात बोट उलटून माणसं बुडाली होती. बायका होत्या, लेकरं होती. खोलीत कुणी बोललं नाही. पाळकसाहेब आलेले होते. त्यांनीही घाईघाईनं काही सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. थोड्या वेळानं त्यांनी ६९ वं स्तोत्र वाचायला घेतलं. ते गळ्यापर्यंत पाणी आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं आहे. ओरडून घसा कोरडा पडलाय, वाट बघून डोळे शिणलेत, आणि देव अजून आलेला नाही. मग २२ वं, ज्याची पहिली हाक ख्रिस्तानं वधस्तंभावर स्वतःच्या तोंडानं मारली. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. तो प्रश्न विचारायची जागा होती, आणि त्या जागी ख्रिस्त आधीच येऊन गेलेला होता.

आता आमच्याकडं पडद्यावर शब्द येतात, कीबोर्ड असतो, मुलं सुरेल गातात. मला त्यांचं कौतुक आहे. फक्त एक मागणं मी दर सभेत मागते, की नव्या गाण्यांतही गाऱ्हाण्याला जागा असू द्या. नुसत्या जयघोषानं पुरातल्या माणसाचा गळा भरून येत नाही, आटतो. अभ्यास सोडून नुसतं गायलो तर असे प्रश्न आपण सुरांखाली दाबून टाकतो. गाणं सोडून नुसता अभ्यास केला तर त्या प्रश्नापाशीच बसून राहतो. शेवटच्या भोजनानंतर, पकडलं जाण्याच्या काही घटका आधी, येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडं निघाले असं मत्तय आणि मार्क दोघंही नोंदवतात. पुढं काय आहे ते त्याला माहीत होतं. तरी गायला. त्याचा आवाज कसा असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

त्या सभेत शेवटी कुणी “आता गाऊ या” म्हटलं नाही. जिनं ब्रह्मनाळचं विचारलं होतं तिनंच पदर सावरून सुरुवात केली, शाळेतलंच गीत. पेटी पुरात गेली होती. दुसऱ्या कडव्यात ती ओळ आली तेव्हा पुन्हा सगळ्यांनी नुसती चाल धरली.

नाताळच्या आधी मी आईसाठी नवं ‘उपासना संगीत’ घेऊन गेले. तिनं चष्मा लावून ते पान काढलं, ओळ वाचली, मान डोलावली. ओळ तिला आता पाठ आहे. पण गुरुवारी ते गीत निघालं की त्या ठिकाणी ती अजूनही शब्द म्हणत नाही, गुणगुणते, आणि तिच्यामागून सगळी सतरंजी गुणगुणते.