शाकुंतलातला धीवर कोणत्या भाषेत बोलतो?

मित्रहो, या धाग्यात आजवर शिलालेख आणि नाणी यांवर पुष्कळ लिहिले. आजचा भाग थोडा घरगुती आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात मी नववीच्या वर्गाला शिकवीत होतो. स्नेहसंमेलनासाठी ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकाचा आरंभ निवडला होता. रोहित माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडलेल्या धीवराला शिपाई हात मागे बांधून आणतात. नगररक्षकांचा प्रमुख त्याच्या धंद्याची टर उडवतो. त्यावर धीवर सुनावतो की, जन्माने वाट्याला आलेले काम लोकांनी निंदिले तरी टाकू नये. ज्यांच्या घरची जाळी उकाई धरणाच्या फुगवट्यात पडतात, त्या मुलांना हा प्रवेश समजावून द्यावा लागला नाही. सुटका झाल्यावर धीवर बक्षिसाचा अर्धा भाग शिपायांना देतो, तेव्हा तर वर्ग हसून लोळला. पोलीस तेव्हाही असेच का, हा प्रश्न मी ऐकला नाही असे दाखवले.

धीवराचे काम घरी मावची बोलणाऱ्या एका मुलाकडे होते. तालमीत त्याने विचारले, “सर, हा आमच्या बोलीत बोलला तर चालेल का?”

मी म्हणालो, “नाही रे. कालिदास आहे तो. शुद्ध बोल.”

त्याने मान हलवली आणि उरलेली वाक्ये पाढे म्हणावेत तशी म्हणून टाकली.

रात्री एका संदर्भासाठी मूळ संहिता उघडली आणि खजील झालो. कालिदासाचा धीवर संस्कृत बोलतच नाही. तो मागधी प्राकृत बोलतो. आपल्याकडील छापील प्रतींत प्राकृत वाक्याला जोडून त्याची संस्कृत ‘छाया’ दिलेली असते. विद्यार्थिदशेत आम्ही छायाच वाचली, परीक्षेत छायाच लिहिली, आणि धीवराचा मूळ आवाज आमच्या कानांवर कधी पडलाच नाही. शकुंतलाही प्राकृतच बोलते. विदूषक जातीने ब्राह्मण, तरी तोही प्राकृत. कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी, याचे नियम भरताच्या नाट्यशास्त्रातच घालून दिलेले आहेत; मागधी सामान्यतः खालच्या पायरीवरच्या पात्रांच्या वाट्याला येते.

आता इतिहास पाहा. मागधीची ठळक खूण म्हणजे ‘र’च्या जागी ‘ल’. नाटकात हा उच्चार धीवराच्या तोंडी आहे. परंतु ओडिशातील धौलीच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सम्राट अशोक स्वतःला ‘राजा’ म्हणवीत नाही. तेथे ‘लाजा’ असे कोरलेले आहे. पूर्वेकडील ती बोली मौर्यांच्या दरबाराची होती. आपल्या बाजूलाही तेच. नाणेघाटातील सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत, आणि नाशिकच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीने पुत्राचा पराक्रम कोरविला तोही प्राकृतातच. दीर्घ राजकीय प्रशस्ती संस्कृतात आढळते ती इ.स. 150 च्या सुमारास, गिरनारच्या खडकावर; ती रुद्रदामन या शक क्षत्रपाची आहे. पुढे गुप्तकाळापर्यंत राजशासनांची भाषा संस्कृत झाली. दरबारात एके काळी मिरवणारा तो ‘ल’ रंगमंचावर हात बांधलेल्या माणसाच्या तोंडी उरला.

मी त्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणालो, तेव्हा नक्की कोणाची बाजू घेत होतो? कालिदासाची तर नव्हेच.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर ‘राजा’ आणि ‘लाजा’ असे दोन शब्द लिहिले, हकीकत सांगितली आणि मुलाची माफी मागितली. तो जरा अवघडला. मग धीवर मावचीत आणि अधिकारी मराठीत, अशी तालीम सुरू झाली. शिपायांचे काय करावे, यावर वाद झाला. मूळ नाटकात शिपायांचीही भाषा मागधीच आहे, हे कळल्यावर मुले गप्प झाली. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे ते त्याच्याच गावचे?” मी तरी काय सांगणार! त्यांनाही मावचीच दिली.

पात्रांची नावे कागदावर उतरवताना आणखी एक गोष्ट निघाली. सूचक आणि जानुक अशी शिपायांना नावे आहेत, धीवराला नाही. त्या मुलाने रिकाम्या जागेत आपल्या आजोबांचे नाव लिहिले. मी ते खोडले नाही.