काही देश खेळात पुढे का? देवळ्यातून दिसणारे उत्तर

ऑलिम्पिक संपले की आठ-दहा दिवस आपल्याकडे एकच चर्चा चालते. एकशे चाळीस कोटींचा देश, आणि पदके किती? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सहा. एक रौप्य, पाच कांस्य, आणि पदकतालिकेत ७१ वा क्रमांक. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, त्यांना १८ सुवर्णपदके. न्यूझीलंडची लोकसंख्या तर आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्यापेक्षा कमी आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्हा ६१ लाखांचा होता. तेवढेही लोक नसलेल्या त्या देशाने पॅरिसहून १० सुवर्णपदके नेली.

असे का होते, याची उत्तरे देवळ्यात चहाच्या टपरीवरही मिळतात आणि शिक्षकांच्या खोलीतही. कोणी म्हणतो, त्यांचे रक्तच वेगळे. कोणी म्हणतो, हवामान. आमच्या मोहल्ल्यातले आवडते उत्तर म्हणजे खुराक. गोश्त खाणारी माणसे मजबूत असतात म्हणे! तसे असते तर आमच्या एका गल्लीतून निदान दोन पदके यायला हरकत नव्हती. मी शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी शिकवते. खेळाची तज्ज्ञ नाही. पण रोज मुलांमध्ये वावरते, म्हणून या उत्तरांना जरा तपासून पाहावेसे वाटते.

हवामानाचेच घ्या. लांब पल्ल्याच्या धावण्यात केनिया पुढे, कारण तिथले धावपटू उंच डोंगरावर राहतात, असे सांगतात. यात तथ्य आहे. केनियातले इटेन हे धावपटूंचे गाव सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत सराव केल्याने दम वाढतो. पण उंचावर तर नेपाळही आहे, पेरू आणि बोलिव्हियाही आहेत. तिथून केनियाइतके धावपटू का येत नाहीत? म्हणजे डोंगराशिवाय आणखी काहीतरी हवे. इटेनमध्ये ते होते. १९७६ साली कोल्म ओ'कॉनेल नावाचे एक आयरिश धर्मबंधू तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचा कुठलाही दाखला त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी मुलांना धावताना पाहिले, शिकत शिकत शिकवले, आणि तिथेच राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. भूगोलाचा एक शिक्षक! माझ्या व्यवसायातल्या माणसाला याहून मोठी गोष्ट कोणती सांगावी?

जमैकाचे पाहा. तीस लाखांहून कमी लोकसंख्येचे बेट, पण वेगवान धावपटूंची खाण. तिथे १९१० पासून शाळांच्या धावण्याच्या स्पर्धा होतात. लोक त्यांना 'चॅम्प्स' म्हणतात. शाळकरी पोरांची शर्यत पाहायला स्टेडियम भरते, आणि आपली शाळा जिंकावी म्हणून आजोबाही ओरडतात. उसेन बोल्ट याच स्पर्धेतून पुढे आला.

हे ऐकून तुम्हाला काही आठवले का? मला मुंबई आठवते. मुंबईने क्रिकेटमध्ये ४२ वेळा रणजी करंडक जिंकला, तो समुद्राच्या हवेमुळे नाही. तिथे शाळांसाठी हॅरिस ढाल आणि गाइल्स ढाल या स्पर्धा शंभराहून जास्त वर्षे चालू आहेत. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी झाली, तीही हॅरिस ढालीतच. शाळेनंतर क्लब, आणि क्लबांसाठी १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग. म्हणजे बारा वर्षांच्या पोराला पुढची पायरी कोणती, हे शोधत बसावे लागत नव्हते. ती समोरच होती.

भारत क्रिकेटमध्ये पुढे का आणि बाकी खेळांत मागे का, याचे उत्तरही मला इथेच दिसते. इंग्रजांनी खेळ आणला हे खरे, पण इंग्रजांनी तो पुष्कळ देशांत नेला होता. आपल्याकडे तो गल्लीत रुजला. कांदा निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरातही आमच्याकडची पोरे स्टंप रोवतात. टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात, रोख बक्षीस आणि ढाल असते. वर जायला जिल्हा संघ, राज्य संघ, आयपीएल. श्रीरामपूरचा झहीर खान याच वाटेने गेला. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका, शाळा मराठी. सतरा-अठराव्या वर्षी मुंबईचा क्लब, मग चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन, आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळी. गुण त्याचेच होते. पण श्रीरामपूरहून निघणाऱ्या पोराला मुंबईत क्लब होता आणि चेन्नईत गोलंदाजीची शाळा होती, हेही तितकेच महत्त्वाचे.

पायरी निखळली की काय होते, ते हॉकीत पाहायला मिळाले. १९२८ ते १९८० या काळात हॉकीत आपण आठ सुवर्णपदके जिंकली. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली, आणि भारत सातवा आला. रक्त एका रात्रीत बदलले नव्हते, मैदान बदलले होते. श्रीमंत देशांनी तशी मैदाने शाळा-क्लबांपर्यंत नेली, आपली मुले मात्र मातीवरच खेळत राहिली. त्याच माँट्रियलमध्ये ऑस्ट्रेलियाला एकही सुवर्णपदक मिळाले नाही. ते लोक नशिबाला दोष देऊन थांबले नाहीत. १९८१ मध्ये त्यांनी कॅनबेरात ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट ही संस्था उभी केली. आज आपण ज्यांचा हेवा करतो, ते तिथून वर चढले.

आणि देशांची तुलना तरी कशाला? आपल्याच देशात पाहा. पॅरिसच्या सहा पदकांतले हॉकीचे पदक संघाचे. उरलेल्या पाचांपैकी चार हरियाणाच्या खेळाडूंच्या नावावर आहेत. पाचवे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे. २०११ च्या जनगणनेत हरियाणाची लोकसंख्या अडीच कोटी, महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. हरियाणात गावोगाव आखाडे आहेत, पदक आणणाऱ्याला मोठी बक्षिसे आणि नोकरी आहे. पोराला आखाड्यात पाठवताना तिथल्या बापाला भविष्य दिसते. आपल्याकडे खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण ते गावातल्या किती बापांना माहीत आहे?

आता अगदी घराजवळ येऊ. आमच्या तालुक्याला लागून चांदवड आहे. दुष्काळाचा तालुका, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणायचा. २०१२ मध्ये तो सैन्यात गेला. सैन्याने त्याची उंची आणि ताकद पाहून त्याला नौकानयनात घातले. पाण्याची भीती वाटणारा हा गडी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांच्या नौकेने सुवर्णपदक मिळवले, त्या चौघांत तो होता. विचार करा, तो सैन्यात गेला नसता तर? हात तेच, खांदे तेच, पण ते फक्त विहिरी खणत राहिले असते. चांदवड-देवळ्यात असे किती दत्तू आजही विहिरी खणत असतील, याची मोजदाद कोण ठेवतो?

दुसरे उदाहरण हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतचे. आदिवासी पाड्यावरची ही मुलगी. नाशिकला प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांनी तिला घडवले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले, राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली पुढे दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे आली, चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईची संजीवनी जाधव आली. एका माणसाने एका मैदानावर ठाण मांडले तर एका जिल्ह्यातून एवढ्या मुली धावतात. इटेनला जायची गरज नाही.

कुणी म्हणेल, पाकिस्तानचा अर्शद नदीम कुठल्या व्यवस्थेतून आला? मियाँ चन्नूजवळच्या खेड्यातला गवंड्याचा मुलगा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि त्याने पॅरिसमध्ये ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक नेले. खाशाबांसाठीही लोकांनी वर्गणीच काढली होती. अशी माणसे अल्लाहची देन असतात. पण अर्शदच्या आधी पाकिस्तानला ऑलिम्पिक पदक मिळाले होते १९९२ मध्ये. मधली बत्तीस वर्षे कोरडी गेली. एखादा खेळाडू वर्गणीवर उभा राहतो. देश राहत नाही.

एवढे सगळे मी लिहिते आहे ते मुलींसाठी. शालेय स्पर्धांची वाट आपल्याकडे कागदावर आहे: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि १४, १७, १९ वर्षांखालील गट. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदानही सक्तीचे केले आहे. तरी वाट तुटते, आणि ती कुठे तुटते हे मी डोळ्यांनी पाहते. चौथी-पाचवीत आमच्या मुली मुलांना मागे टाकून धावतात. सातवी संपली की त्या मैदानावरून नाहीशा होतात. अशाच एका पळणाऱ्या मुलीच्या आईशी मी बोलले. ती म्हणाली, "बाजी, अब बड़ी हो गई है. मैदान पे दौड़ती अच्छी लगेगी क्या?" मी म्हटले, "अच्छी नहीं, बहोत अच्छी लगेगी." ती हसली. मुलगी मात्र आली नाही.

त्या आईवर मी रागावत नाही. मैदानाला कुंपण नाही, कपडे बदलायला खोली नाही, शिकवायला बाई नाही, संध्याकाळी परत आणायला कोणी नाही. तिची काळजी खोटी नाही. पण ही काळजी दूर करता येते. पोशाखाचा प्रश्न सुटतो, वेळेचा सुटतो. आणि दीनचे नाव पुढे करणाऱ्यांना मी एवढेच विचारते, की प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (र.) यांच्या शर्यतीची रिवायत तुम्ही ऐकली नाही का? निजामाबादची निखत जरीन २०२२ आणि २०२३ मध्ये मुष्टियुद्धाची विश्वविजेती झाली. तिचे पहिले गुरू तिचे वडीलच.

अफगाणिस्तानकडे पाहून मला एकाच वेळी अभिमान आणि दुःख वाटते. पेशावरच्या निर्वासितांच्या छावण्यांत ही पोरे क्रिकेट शिकली. २०१७ मध्ये त्यांना कसोटी दर्जा मिळाला आणि २०२४ च्या टी-२० विश्वचषकात ते उपांत्य फेरीत पोहोचले. पण त्याच देशाच्या महिला खेळाडूंना २०२१ नंतर घर सोडून ऑस्ट्रेलियात आसरा शोधावा लागला. अर्धे घर कुलूपबंद ठेवून कोणता देश पुढे जातो?

आपल्या मुलींचे क्रिकेट पाहा. २००६ मध्ये ते क्रिकेट मंडळाकडे आले. २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले, २०२३ मध्ये महिलांची लीग सुरू झाली, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला. त्यात सांगलीची स्मृती मानधना होती. मुलींमध्ये गुण आधीही होते. २००५ आणि २०१७ मध्ये त्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्याच होत्या. नंतर पायऱ्या भक्कम झाल्या.

ऑलिम्पिकचे स्टेडियम देवळ्यात होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण पीटीचा तास गणिताला देऊ नये, हे आपल्या हातात आहे. उर्दू शाळा चालवणाऱ्या संस्था वर्षाला एवढे जलसे भरवतात, त्यांनी मिळून कसमादेतल्या सगळ्या शाळांची एक वार्षिक क्रीडा स्पर्धा भरवावी, आणि आपण अब्बा-अम्मी, नाना-नानी सगळ्यांनी ती पाहायला जावे. मुलींसाठी आठवड्यातून तीन दिवस सकाळी मैदान राखून ठेवावे आणि एखादी शिक्षिका तिथे उभी राहावी. येत्या शाळा सुरू होण्याआधी तुमच्या मुलाच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना विचारा: खेळाचा तास कधी आहे, आणि त्या तासाला मुली कुठे असतात?