मोडायला एक लॅपटॉप

इंजिनिअरिंगला असताना आमच्या घरात लॅपटॉप एकच होता. ताईचे परीक्षेचे फॉर्म, बाबांची बँकेची कागदपत्रं आणि माझं कॉलेज, सगळं त्यावरच. तिथे डिस्कचे भाग पाडून लिनक्स टाकायचं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावायचा. आणि मोडतोड केल्याशिवाय ऑपरेटिंग सिस्टीम कळत नाही.

वाट सापडली व्हर्च्युअल मशीनमध्ये. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजच्या आत एक लटका संगणक उभा करतं. त्याची डिस्क म्हणजे खरं तर एक मोठी फाइल. त्यात उबुंटू टाकलं, स्नॅपशॉट घेतला आणि मुद्दाम रूट होऊन सिस्टीमच्या फाइली उडवल्या. मशीन मेलं. स्नॅपशॉटवर परत गेलो, मशीन जिवंत! बाबांच्या कागदांना धक्काही नाही.

किंमत मोजावी लागते रॅममध्ये. 4 जीबीच्या लॅपटॉपमधले 2 जीबी पाहुण्याला दिले की यजमान रांगायला लागतो. पाहुणा स्वतःचं कर्नल, म्हणजे अख्खी सिस्टीम घेऊन येतो ना!

कंटेनरचं तसं नाही. व्हर्च्युअल मशीन स्वतंत्र बंगला असेल, तर कंटेनर ही चाळीतली खोली. दार आपलं, पाया सगळ्यांचा एक. तो पाया म्हणजे यजमानाचं लिनक्स कर्नल. नेमस्पेसमुळे शेजाऱ्याच्या प्रोसेस दिसत नाहीत, सीग्रुप्समुळे प्रत्येकाच्या रॅमला मर्यादा घालता येते. कर्नलमध्ये हे आधीपासून होतंच. 2013 मध्ये आलेल्या डॉकरने ते एका कमांडवर आणलं. अल्पाइन लिनक्सची इमेज तर 10 एमबीचीही नसते.

पण पाया लिनक्सचाच लागतो. म्हणून विंडोज किंवा मॅकवर लिनक्सचे कंटेनर चालवले, तरी पडद्याआड बहुधा एक व्हर्च्युअल मशीन चालूच असतं. शिवाय पायाला तडा गेला तर धोका अख्ख्या चाळीला. अनोळखी कोड तपासायचा असेल, तर मी आजही व्हर्च्युअल मशीनच घेतो.

ऑफिसात नवीन आलेली मुलं विचारतात, "लिनक्स शिकायला कुठला लॅपटॉप घेऊ?" मी म्हणतो, घरात आहे तोच घे. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू कर, घरच्यांचं फोल्डर आत शेअर करू नकोस, महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर ठेव. मग स्नॅपशॉट घे आणि बिनधास्त मोड.